गॅस जनरेटर लोडवर मिसफायर करतो, आणि प्लग बदलले की महिनाभरच गप्प बसतो

"सर, सेट परत फटफटायला लागलाय. आणि प्लग तर मागच्याच महिन्यात बदललेत!" गॅस सेटच्या देखभालीत असलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. चाकण-तळेगावच्या कारखान्यातला पीएनजीवरचा (पाईपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवरचा) सेट असो, कोल्हापूर-सांगलीकडच्या डिस्टिलरीतला स्पेंटवॉशच्या (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) बायोगॅसवर चालणारा असो, नाहीतर सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला असो, तक्रार हीच: मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधला गॅस अधूनमधून पेटतच नाही.

प्लग बदलल्यावर सेट सुधारतो, त्यामुळे सगळे प्लगलाच दोषी ठरवतात आणि तिथेच फसतात. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात, गॅप (ठिणगी ओलांडते ती फट) बरोबर असतो, त्यामुळे ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. त्या आडोशाला अशक्त कॉईल (प्लगला व्होल्टेज देणारी), पातळ मिश्रण (हवेच्या मानाने गॅस कमी), लोडवर पडणारा गॅसचा दाब, अडखळणारा व्हॉल्व्ह हे सगळं झाकून जातं. काही आठवड्यांत प्लग थोडा झिजतो, व्होल्टेजची मागणी वाढते आणि जुनं दुखणं वर येतं. खाली दिलेला क्रम मी वर्षानुवर्षं वापरतोय. आधी फुकटातल्या तपासण्या, मग पाना लागणाऱ्या, शेवटी खर्चिक.

हे सगळं स्पार्क प्लगवर चालणाऱ्या, १५०० आरपीएमच्या, ५० हर्ट्झच्या सेटसाठी आहे. डिझेल सेटला गॅसचं किट लावून दोन्ही इंधनांवर चालवत असाल तर तिथे पेटवण्याचं काम डिझेल करतं. तो विषय वेगळा.

लक्षणं

विनालोड सेट लोण्यासारखा चालतो. लोड निम्म्याच्या वर गेला की अनियमित धक्के सुरू होतात, बेसफ्रेमवर हात ठेवला तर जाणवतात. सायलेन्सरमधून अधूनमधून 'फट्' असा बार येतो. पॅनेलवर प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान दिसत असेल तर एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच थंड दिसतो. गॅसचा खप वाढतो. मोठा, निरोगी सेट एका घनमीटर पीएनजीत साधारण साडेतीन ते चार युनिट वीज देतो. तुमचा आकडा सेटच्या आकारानुसार कमी असू शकतो, पण तो घसरत चालला असेल तर न जळलेला गॅस धुराड्यातून जातोय असं समजा.

सेट एकटा चालत असेल तर फ्रिक्वेन्सीचा आकडा ५० च्या आसपास उड्या मारतो. पण महावितरणच्या ग्रीडशी समांतर चालणाऱ्या सेटवर ग्रीड फ्रिक्वेन्सी धरून ठेवतं, त्यामुळे हर्ट्झचा आकडा स्थिर दिसतो आणि ऑपरेटर निर्धास्त राहतो. अशा ठिकाणी किलोवॅट आणि थ्रॉटलची टक्केवारी बघायची. किलोवॅट नाचत असेल तर मिसफायर आहे.

दोन गोष्टी आधीच बाजूला काढा. हर्ट्झ स्थिर आहे आणि फक्त व्होल्टेज लुकलुकतंय, तर एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) किंवा अल्टरनेटरकडे बघा, इंजिन उघडू नका. आणि हर्ट्झ एका संथ, ठरावीक लयीत वरखाली होत असेल, तर संशय गव्हर्नर (वेग सांभाळणारी यंत्रणा), ॲक्च्युएटरचा अडकलेला लिंकेज किंवा स्पीड पिकअपवर (वेग मोजणाऱ्या सेन्सरवर) जातो. मिसफायरला अशी लय नसते.

हात लावण्याआधी

सेट ऑटोवर असेल तर तो मॅन्युअलवर घ्या, इमर्जन्सी स्टॉप दाबा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गॅसचा हातव्हॉल्व्ह बंद करून त्यावर कुलूप आणि टॅग लावा. लाईट गेली म्हणून सेट आपोआप सुरू झाला आणि फिटरचा हात पट्ट्यात होता, हे टाळायला दोन मिनिटं पुरतात.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताशी साठतो, म्हणून रूमचे वरचे झरोके उघडे हवेत. बायोगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तसा पटकन वर निघून जाईल असं धरू नका. गळती बघायची ती साबणाच्या पाण्याने किंवा डिटेक्टरने. काडी पेटवून बघणारे महाभाग आजही भेटतात.

चालू इंजिनवर प्लगची वायर उपसून 'कुठला सिलिंडर मेलाय' हे बघायची सवय जुन्या पेट्रोल गॅरेजमधून आली आहे. गॅस सेटवर ती सोडून द्या. तिथे दहा-वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात, कॉईल जळते, आणि त्या सिलिंडरचा न जळलेला गॅस तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन सायलेन्सर फोडू शकतो.

१. लॉगबुक उघडा

खर्च शून्य, आणि निम्मी उत्तरं इथेच असतात. महिन्यापूर्वी अमुक किलोवॅटला थ्रॉटल किती टक्के होतं आणि आज किती आहे? तेवढ्याच लोडला थ्रॉटल जास्त उघडावं लागत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही किंवा मिश्रण पातळ झालंय. त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी होतो तेही बघा. एका कारखान्यात सेट रोज सकाळी शिफ्ट सुरू झाल्यावर अर्धा तास कुरकुरायचा, मग सुतासारखा सरळ. त्याच गॅसलाईनवरचा बॉयलर त्या वेळेला पेटायचा आणि हेडरचा (मुख्य गॅसलाईनचा) दाब खाली यायचा. तिथे प्लगचे सेटवर सेट बदलून झाले होते. पावसाळ्यात पहिल्या सुरुवातीलाच त्रास असेल तर ओलावा, एप्रिल-मेच्या दुपारी असेल तर आत येणाऱ्या हवेचं तापमान, डिस्टिलरीत हंगामाच्या तोंडाला असेल तर गॅसची प्रत. त्रासाची वेळ लिहून ठेवायची सवय ऑपरेटरला लावा.

२. बॅटरी, अर्थिंग, एअर फिल्टर

इग्निशन मॉड्यूल २४ व्होल्टवर चालतं. चार्जर मेला असेल किंवा टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर ठिणगी कमजोर पडते. मॉड्यूलच्या टर्मिनलवर सेट चालू असताना व्होल्टेज मोजा, बॅटरीवर नको, कारण पडझड मधल्या वायरीत होते. इंजिन ब्लॉकची अर्थ पट्टी हाताने हलवून बघा. ढिली पट्टी हे वरवर किरकोळ वाटणारं पण वारंवार सापडणारं कारण आहे.

एअर फिल्टरचा निर्देशक लाल असेल तर फिल्टर बदला. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचा भुसा असतो, तिथे पुस्तकात लिहिलेले तास विसरा. फिल्टरच्या पुढून झिरो प्रेशर रेग्युलेटरकडे (गॅसचा दाब हवेच्या दाबाबरोबर ठेवणाऱ्या रेग्युलेटरकडे) एक बारीक नळी जाते, ती बोटाने चाचपा. ही बॅलन्स लाईन चिरली किंवा सुटली तर फिल्टर तुंबत जाईल तसं मिश्रण रिच (गॅस जास्त) होत जातं आणि कोणालाच कळत नाही. नळी किरकोळ किमतीची, पण तिच्यापायी अख्खं मिक्सर (गॅस आणि हवा मिसळणारा भाग) उघडलेलं मी पाहिलंय.

३. गॅसचा दाब, लोडवर

सेट बंद असताना गेज बघून 'दाब भरपूर आहे' म्हणणं निरर्थक. दाब बघायचा तो पूर्ण लोडवर, रेग्युलेटरच्या आधी आणि नंतर. गेजचा भरवसा नसेल तर पारदर्शक नळीचा यू-ट्यूब करा. रंगीत पाण्याचा १०२ मिलिमीटरचा फरक म्हणजे १० मिलिबार. नळी फक्त कमी दाबाच्या बाजूला असलेल्या टेस्ट पॉइंटलाच जोडायची, आणि ती जोडताना गॅस बंद.

लोड घेताना दाब घसरला तर आधी गॅस फिल्टर, मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह पूर्ण उघडतोय का, मग वरच्या लाईनचा व्यास. बायोगॅसवर असाल तर कंडेन्सेट ड्रेन रोज सोडा. नळीच्या सखल वळणात पाणी साचलं की गॅस गुडगुडत येतो आणि सेट अगदी मिसफायरसारखाच वागतो.

दाबाला एवढं महत्त्व का, तर लीन-बर्न (पातळ मिश्रणावर चालणाऱ्या) इंजिनात चूक करायला जागाच थोडी असते. साध्या दाबा-तापमानाला हवेत मिथेन ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते पेटत नाही. आणि उत्सर्जन कमी ठेवण्यासाठी हे इंजिन साधारण ६ टक्क्यांच्या आसपास चालवतात. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने थोडी मोकळीक मिळते, पण थोडीच. एका बाजूला मिसफायर, दुसऱ्या बाजूला नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके).

म्हणूनच मिक्सरच्या किंवा रेग्युलेटरच्या स्क्रूला हात लावू नका. 'अर्धा फेरा दिला आणि गाडी सुधारली' असं सांगणारे असतात. त्या अर्ध्या फेऱ्याने मिसफायर झाकला जातो आणि दुपारच्या उन्हात पिस्टनवर नॉकिंग सुरू होतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारं उपकरण हाताशी नसेल तर तो स्क्रू तुमचा नाही.

४. आजारी सिलिंडर शोधा

पॅनेलवर तापमानं असतील तर प्रश्न मिटला. नसतील तर इन्फ्रारेड गन घ्या आणि प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवर, हेडपासून तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच कोनातून नेम धरा. आकडा खरा किती हे महत्त्वाचं नाही, कारण बाहेरचा पत्रा आतल्या गॅसपेक्षा बराच थंड असतो. सगळ्यांची तुलना करायची. मॅनिफोल्ड पाण्याने थंड होणारा असेल किंवा त्यावर लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) असेल तर गन काही कामाची नाही.

एकच सिलिंडर थंड निघाला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे: प्लग, एक्स्टेन्शन (कॉईल आणि प्लग जोडणारी लांब नळी), कॉईल, व्हॉल्व्ह. सगळेच आळीपाळीने चुकत असतील तर मागे फिरा. दोष सामाईक आहे, म्हणजे गॅस, हवा, वीजपुरवठा किंवा टायमिंग पिकअप (ठिणगीची वेळ ठरवणारा सेन्सर). हा एक निकाल आधी लावला तर दिवसभराची उघडझाप वाचते.

५. प्लग काढा आणि वाचा

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच. तापलेल्या हेडमधून प्लग काढला तर आटे सोलतात, आणि मग प्लगच्या किमतीत नाही, हेडच्या किमतीत बोलावं लागतं. काढलेले प्लग सिलिंडर नंबरप्रमाणे एका ट्रेमध्ये मांडा.

प्लगच्या नाकावर (ठिणगीच्या टोकावर) पांढरा, कडक, काचेसारखा थर असेल तर तो सिलिका. सांडपाण्याच्या गॅसमध्ये हमखास दिसतो. शाम्पू, सौंदर्यप्रसाधनं यांतले सिलोक्सेन गॅसमधून इंजिनात येऊन जळतात आणि वाळू मागे सोडतात. राखाडी-पिवळट पापुद्रे असतील तर ती तेलाची राख. एक तर व्हॉल्व्ह गाईड किंवा रिंगांमधून तेल वर येतंय, नाहीतर कोणीतरी स्टोअरमधलं डिझेल इंजिनाचं तेल ओतलंय. गॅस इंजिनाच्या तेलात सल्फेटेड ॲश साधारण अर्धा टक्का असते, डिझेलच्या तेलात त्याच्या दुप्पट-तिप्पट. ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, लाल होते आणि वेळेआधी मिश्रण पेटवते.

पोर्सलिनवर (प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर) उभी, केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी आत न पडता बाहेरून पळते आहे. तीच रेघ टेफ्लॉनच्या एक्स्टेन्शनमध्येही बघा, टॉर्च मारून. रेघ असलेला भाग पुसून परत लावू नका, बदला. त्यात नवा प्लग घातला तरी रेघ नव्या पोर्सलिनवर उमटते, आणि महिनाभराने परत फटफट का, याचं उत्तर अनेकदा ही रेघच असते. पोर्सलिनच्या तळाशी, धातूच्या कडेला लागून फिकट तपकिरी वलय असेल तर मात्र घाबरू नका. तो कोरोनाचा (जास्त व्होल्टेजमुळे हवेत होणाऱ्या विद्युत स्रावाचा) डाग आहे, निरुपद्रवी. प्लगच्या विहिरीत तेल साचलं असेल तर रॉकर कव्हरचं गॅस्केट गळतंय. तेलाने बूटाचं रबर फुगतं आणि सडतं, म्हणून आधी गळती बंद करा.

गॅप तारेच्या गेजने मोजा. कित्येक गॅस इंजिनांना ०.३ ते ०.४ मिलिमीटर गॅप लागतो, कारच्या प्लगच्या जवळजवळ निम्मा. खोक्यातून काढला तसा लावायचा ही सवय इथे चालत नाही, मॅन्युअलमधला आकडा घ्या. प्लग आवळायला टॉर्क पानाच वापरा. सैल राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो लाल होतो, जास्त आवळला तर कवच ताणून गॅप बदलतो. आट्यांना ग्रीस लावायचं की नाही हे प्लग बनवणाऱ्याचं पत्रक सांगेल.

६. एका वेळी एकच अदलाबदल

समजा ३ नंबर थंड आहे. ३ चा प्लग ५ ला लावा, ५ चा ३ ला. सेट लोडवर घ्या आणि तापमान बघा. थंडावा ५ वर गेला तर प्लग दोषी. ३ वरच राहिला तर आता एक्स्टेन्शनची अदलाबदल, मग कॉईलची. प्लग आणि कॉईल एकदम बदलली तर सेट सुधारेलही, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि चांगली कॉईल भंगारात जाईल.

लोडवरच त्रास का, याचं उत्तर इथे मिळतं. लोड वाढला की टर्बोचा दाब वाढतो, ठिणगीच्या क्षणी सिलिंडरमध्ये जास्त दाट हवा असते आणि तेवढाच गॅप ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. अशक्त कॉईल म्हणजे दम्याचा माणूस, सपाटीवर गप्पा मारत चालतो, चढ लागला की थांबतो. म्हणून विनालोड चाचणीत पास झालेली कॉईल पास धरू नका. मल्टिमीटरने नुसता रेझिस्टन्स मोजूनही ती पकडता येत नाही, इन्शुलेशन फुटतं ते तापल्यावर आणि व्होल्टेजखाली.

७. टॅपेट

इथून पुढे अनुभवी फिटर हवा. डिझेलवर वाढलेल्या माणसाला वाटतं की क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) झिजून वाढतो आणि टॅपेट वाजायला लागतं. गॅस इंजिनात बहुतेक वेळा उलटं होतं. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये काजळीची उशी नसते, त्यामुळे व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो आणि क्लिअरन्स कमी होतो. टॅपेट गप्प झालेलं असतं आणि ऑपरेटर खूश असतो. पुढे क्लिअरन्स संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, गरम गॅसच्या झोताने व्हॉल्व्हची कड जळते. अशा सिलिंडरमध्ये नवा प्लगही काही आठवडेच टिकतो.

इंजिन गार असताना, त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून फिलर गेजने मोजा. सेट करण्याआधीचा आकडाही लिहा. नुसतं 'टॅपेट सेट केले' असं लिहिलेलं लॉगबुक काही कामाचं नाही. एकाच सिलिंडरचा क्लिअरन्स दर खेपेला बाकीच्यांपेक्षा जास्त कमी होत असेल तर ती सीट बसत चालली आहे. उत्पादकाने एकूण रुतण्याची मर्यादा दिलेली असते, ती गाठली की हेड उतरवायचं.

८. गॅसची प्रत

पीएनजीवर हा मुद्दा सहसा येत नाही. बायोगॅसवर पहिला संशयित हाच, पण तपासणीला विश्लेषक यंत्र लागतं म्हणून इतक्या खाली आला. शुद्ध मिथेनचं उष्मांक मूल्य घनमीटरला सुमारे ३५.८ मेगाज्यूल. गॅसमध्ये मिथेन ६० टक्के असेल तर ते २१.५ वर येतं, आणि डायजेस्टरचा (बायोगॅस तयार होणाऱ्या टाकीचा) फीड बदलल्यावर ते आणखी खाली जातं. मिक्सर ६० टक्क्यांना बसवलेला असेल आणि गॅस ५० टक्क्यांचा आला तर सगळे सिलिंडर आळीपाळीने चुकणार, तिथे प्लग काय करणार? फीड पूर्ववत होईपर्यंत लोड कमी ठेवा.

स्पेंटवॉशच्या कच्च्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड काही टक्क्यांपर्यंत असतो. स्क्रबर (हा वायू धुऊन काढणारं यंत्र) नीट चालत नसेल तर तेल आम्लधर्मी होतं, कॉईलच्या तांब्याच्या जोडण्या काळ्या पडतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, टीबीएन (तेलाची आम्ल मारण्याची ताकद) किती उरलाय ते सांगतील.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गॅसचा वास येतोय: काहीही चालू-बंद करू नका, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून रूम रिकामी करा. मीटर आणि त्याआधीची सीलबंद यंत्रणा गॅस कंपनीची, तिला हात नाही. बायोगॅसच्या बाबतीत नाकावर विसंबू नका, हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास 'गेला' असं वाटतं. स्क्रबरच्या किंवा ड्रेनच्या खड्ड्यात एकट्याने, डिटेक्टरशिवाय उतरू नका.

सेट दोन-तीन प्रयत्नांत सुरू झाला नाही तर स्टार्टर मारत बसू नका. प्रत्येक प्रयत्नात न जळलेला गॅस सायलेन्सरमध्ये साठतो. गॅस आणि इग्निशन बंद ठेवून इंजिन फिरवून तो बाहेर काढायचा असतो. ही सोय कंट्रोलरमध्ये नसेल तर सर्व्हिस इंजिनिअरला विचारूनच पुढे जा.

नॉकिंगवर ट्रिप झाला तर रीसेट मारून परत लोड देऊ नका. सायलेन्सरमध्ये मोठा बार झाला असेल, कूलंट कमी होतंय आणि धूर पांढरा आहे, तेलात धातूची चमक आहे, किंवा कॉम्प्रेशन एका सिलिंडरला कमी आलंय, तर पुढचं काम बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत बघणारा कॅमेरा) आणि लीक-डाऊन टेस्टरचं (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणाऱ्या उपकरणाचं). हवा इनटेकमधून फुसफुसते, एक्झॉस्टमधून, ब्रीदरमधून (क्रँककेसच्या श्वासनळीतून) की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, यावरून ते नेमकं सांगतील. कंट्रोलरमधलं टायमिंग आणि मिश्रणाचे पॅरामीटर पासवर्ड मिळाला म्हणून बदलू नका. अल्टरनेटर आणि ब्रेकरच्या बाजूचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचंच.

फोन करताना हे हाताशी ठेवा: सेटचे एकूण तास, शेवटचे प्लग किती तासांना बदलले, तेवढ्याच लोडला तेव्हाचं आणि आताचं थ्रॉटल, पूर्ण लोडवरचा गॅसचा दाब, सिलिंडरवार तापमानं, टॅपेटचे सेट करण्याआधीचे आकडे. आणि काढलेले प्लग नंबर लावलेल्या ट्रेमध्येच राहू द्या, पुसू नका, वायर ब्रश मारू नका. येणारा माणूस कामाचा असेल तर आल्याआल्या तेच मागेल.